अमेरिकेत मेंटल हेल्थ काउन्सेलिंगचं मास्टर्स करायचंय? लायसन्सपासून उलटं मोजा

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर अमेरिकेत आलेले, मुलं शाळेत जायला लागल्यावर "आता माझं काय?" असं विचारणारे. आणि पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात सायकॉलॉजीत बीए करून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर इथे यायचा विचार करणारे. दोघांना मिळणारी डिग्री एकच, पण त्यांच्या अडचणी अगदी वेगळ्या, त्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

मी पहिल्या प्रकारातली. पुणे विद्यापीठाची बीकॉम, राहते डॅलसजवळ, डिग्री टेक्ससातच केली आणि आता इथेच एलपीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर) म्हणून काम करते. म्हणून उदाहरणं टेक्ससची जास्त येतील. तुमचं राज्य वेगळं असेल तर आकडे तिथल्या बोर्डाच्या वेबसाइटवरून घ्या. कॉलेजच्या माहितीपत्रकावरून नको, आणि माझ्यावरूनही नको.

अमेरिकेत मास्टर्स झालं म्हणजे तुम्ही काउन्सेलर झालात असं होत नाही. काउन्सेलर राज्याचं लायसन्स करतं. डिग्री ही त्या लायसन्सच्या अर्जाला जोडायची एक अट. बहुतेक लोक कॉलेज शोधण्यापासून सुरुवात करतात आणि लायसन्सचं "नंतर बघू" म्हणतात. तिथेच गाडी चुकते. लायसन्स कुठे, कोणत्या व्हिसावर आणि किती वर्षांनी मिळवायचंय ते आधी ठरवा आणि तिथून मागे येत येत कॉलेजपर्यंत पोहोचा.

१. आधी राज्य, मग कॉलेज

लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. त्याचं नावसुद्धा राज्यागणिक बदलतं. टेक्ससात एलपीसी, न्यूयॉर्कमध्ये आणि फ्लोरिडात एलएमएचसी, कॅलिफोर्निया आणि ओहायोत एलपीसीसी, इलिनॉयमध्ये एलसीपीसी. काम तेच, अटी निराळ्या.

डिग्रीनंतर अनुभवी काउन्सेलरच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. त्याचे तास टेक्सस, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया तिघांनाही ३००० लागतात, पण तपशिलात फरक आहे. टेक्ससला त्यातले १५०० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोरचे हवेत आणि हा काळ १८ महिन्यांपेक्षा कमी चालत नाही. कॅलिफोर्निया किमान १०४ आठवडे मागतं. ओहायोला डिग्री केक्रेप मान्यतेची लागते.

हे केक्रेप म्हणजे काउन्सेलिंगच्या कोर्सेसना मान्यता देणारी देशपातळीवरची संस्था. सगळीच राज्यं तिचा आग्रह धरत नाहीत. कॅलिफोर्नियात तर कितीतरी चांगल्या कोर्सेसना ही मान्यता नाही, आणि तिथेच राहायचं पक्कं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण आपल्या लोकांचं "पक्कं" म्हणजे पुढचा प्रोजेक्ट मिळेपर्यंत. नवऱ्याची नोकरी डॅलसहून कोलंबसला गेली की घर बदलतं, शाळा बदलते आणि तुमचे अर्धवट तास हवेत लटकतात. म्हणून एच-४ वाल्यांना माझा सल्ला एकच: जवळपास केक्रेप मान्यतेचा कोर्स असेल तर तोच घ्या, थोडा महाग पडला तरी. पुढच्या राज्यात कागदपत्रांची झटापट बरीच कमी होते.

"आता कॉम्पॅक्ट आलाय, कुठलंही लायसन्स कुठेही चालतं" असं कुणीतरी सांगेलच. तीसहून जास्त राज्यांनी काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट (एकमेकांची लायसन्स मानण्याचा राज्याराज्यांतला करार) स्वीकारला आहे हे खरं. पण त्याचा फायदा पूर्ण लायसन्स मिळालेल्यांना. तास पूर्ण करत असलेल्या असोसिएटला तो लागू नाही.

२. डिग्रीचं नाव चष्मा लावून वाचा

हवी ती डिग्री म्हणजे क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगमधलं एमए, एमएस किंवा एमएड. तिच्या आसपास दिसणाऱ्या पण तुम्हाला लायसन्सपर्यंत न नेणाऱ्या किंवा भलत्याच लायसन्सकडे नेणाऱ्या डिग्र्या अशा:

- नुसतं एमए सायकॉलॉजी. संशोधनासाठी, पुढे पीएचडीसाठी उत्तम. एलपीसीसाठी बहुधा निरुपयोगी.
- स्कूल काउन्सेलिंग. शाळेतल्या नोकरीसाठी, त्याचं प्रमाणपत्र वेगळं.
- मॅरेज अँड फॅमिली थेरपी. थेरपीच, पण लायसन्स एलएमएफटीचं.
- एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स. यातून पुढे एलसीएसडब्ल्यू (लायसन्स असलेले क्लिनिकल सोशल वर्कर) होता येतं आणि तेही थेरपी करतात.

शेवटच्या पर्यायाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे "सोशल वर्क" म्हटलं की लोक नाक मुरडतात. इथे एलसीएसडब्ल्यूला हॉस्पिटल, विमा कंपन्या, सरकारी खाती सगळीकडे कैक वर्षांपासून मान आहे. काउन्सेलरांना मेडिकेअरची (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची) बिलं लावायची मुभा मिळाली १ जानेवारी २०२४ पासून, सोशल वर्करांना ती फार आधीपासून होती. हॉस्पिटलमध्येच काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यूचा विचार जरूर करा. थेरपीच्या खोलीत बसून तासन्‌तास बोलण्यातच तुमचा जीव असेल तर काउन्सेलिंगचा अभ्यासक्रम जास्त नेमका आहे.

कोर्स ६० क्रेडिटचा आहे ना, हे तपासा. ४८ क्रेडिटचे जुन्या पद्धतीचे कोर्स अजून कुठेकुठे दिसतात. उरलेले १२ नंतर सुटे भरणं म्हणजे डोकेदुखी. पूर्णवेळ केलं तर दोन ते अडीच वर्षं, मुलंबाळं सांभाळून केलं तर तीन-साडेतीन.

३. व्हिसाचं गणित कागदावर मांडा

फोनवर लोक मला सगळ्यात कमी हेच विचारतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

एफ-१ वाल्यांनो, आधी ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर त्याच विषयात काम करायची परवानगी. डिग्रीनंतर कामासाठी १२ महिने मिळतात. कॉम्प्युटर सायन्सच्या मित्रांना त्यावर आणखी २४ महिने मिळतात, कारण त्यांचा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) यादीत आहे. मेंटल हेल्थ काउन्सेलिंग त्या यादीत नाही. आता वरचा आकडा आठवा: टेक्ससात असोसिएट म्हणून किमान १८ महिने. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी लायसन्सआधी ओपीटी संपते. त्यातच ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि असोसिएट लायसन्सचा कागद हातात येईपर्यंत थेरपीचं काम सुरू करता येत नाही. या दोन चाकांमध्ये बरेच जण सापडतात.

याचा अर्थ येऊच नका असा नाही. पण एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लावणारी संस्था मिळेल का, हा प्रश्न शेवटच्या सेमिस्टरला नाही, पहिल्या वर्षी विचारायचा. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था एच-१बीच्या लॉटरीच्या बाहेर असतात, म्हणून विद्यापीठांच्या काउन्सेलिंग सेंटरवर डोळा ठेवा. आणि पैसे गुंतवताना स्वतःला सरळ विचारा: लायसन्स न मिळता भारतात परतावं लागलं तर ही डिग्री मला या किमतीत परवडते का? "हो" असेल तर बिनधास्त या.

ऑनलाइन कोर्स एफ-१ वर जवळजवळ बाद. पूर्णवेळ मोजताना एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरला जातो. शिवाय प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिपसाठी आय-२० वर (कॉलेजनं व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) सीपीटीची, म्हणजे शिकतानाच्या कामाच्या परवानगीची, नोंद लागते. काम बिनपगारी असलं तरी बहुतेक कॉलेजं ती घ्यायला लावतात. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली तर ओपीटीवर पाणी सोडावं लागतं, त्यामुळे ती अर्धवेळच ठेवा.

एच-४ वाल्यांना शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. ऑनलाइनही चालतं, अर्धवेळही चालतं. अडतं ते कामापाशी. ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) नसेल तर पगारी इंटर्नशिप नाही, कॉलेजातली असिस्टंटशिपही नाही, आणि सीपीटी तुमच्यासाठी नाहीच. बिनपगारी इंटर्नशिपबद्दल कॉलेजं वेगवेगळं सांगतात. "सगळे करतात" यावर न जाता इमिग्रेशन वकिलाकडून एकदा लेखी मत घ्या, कारण उद्या ग्रीन कार्डच्या फायलीत हा प्रश्न येऊ शकतो. एच-४ ईएडी २०१५ पासून मिळते, पण जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीनं लावलेला अर्ज) मंजूर झालेली असेल तरच (किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल तर). जोडीदाराची आय-१४० अजून लागायची असेल, तर अर्धवेळ सुरुवात करून इंटर्नशिप मागे ढकलणं हा सगळ्यात शहाणा मार्ग. ईएडी नाही म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरही नाही, आणि लायसन्सच्या अर्जात तो रकाना असतो. तुमचं बोर्ड त्याऐवजी काय चालवून घेतं, हे ईमेलनं विचारून ते उत्तर जपून ठेवा.

४. फी: दर कसा उतरवायचा

फी क्रेडिटवर असते. एका क्रेडिटचा दर गुणिले ६०, त्यावर दर सत्राचे किरकोळ शुल्क, पुस्तकं, विमा. हे सगळं एका एक्सेलमध्ये टाका. सरकारी विद्यापीठात राज्यातल्यांचा दर आणि बाहेरच्यांचा दर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टेक्ससात एच-४ वर असलेल्याला इथलं वास्तव्य सिद्ध करता आलं तर रहिवाशाचा दर मिळू शकतो. त्यासाठी आधीचे १२ महिने इथे राहत असल्याचे पुरावे लागतात, म्हणून भाडेकरार, टॅक्स रिटर्न, बँकेची पत्रं फेकू नका. भाडेकरारावर फक्त नवऱ्याचं नाव असतं, हे नेहमीचं. पुढचा करार करताना दोघांची नावं घाला. एफ-१ वाल्यांना हा मार्ग नाही, पण दुसरा आहे: टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात स्पर्धेतून किमान १००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरचा दर माफ होऊन रहिवाशाचा दर लागू शकतो. हजार डॉलर म्हणून कुणी अर्ज करत नाही. खरी कमाई त्या हजारात नसतेच. विभागातल्या बाईंना थेट विचारा, "कोणत्या स्कॉलरशिपला हा वेव्हर लागतो?"

५. कागदपत्रं

- पदवीची सगळ्या वर्षांची मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र
- विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, सीलबंद पाकिटात किंवा विद्यापीठाकडून थेट ऑनलाइन
- क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (परदेशी पदवी अमेरिकेतल्या कशाच्या बरोबरीची, त्याचा अहवाल), डब्ल्यूईएस किंवा एनएसीईएस या संघटनेच्या दुसऱ्या सदस्य संस्थेकडून
- टोफेल, आयईएलटीएस किंवा कॉलेज चालवून घेईल ती इंग्रजीची परीक्षा
- जीआरई. पुष्कळ कॉलेजांनी काढून टाकली आहे, आधी खात्री करा
- शिफारसपत्रं, बहुधा तीन
- रेझ्युमे आणि निबंध
- पासपोर्ट, व्हिसाचे कागद, विवाह प्रमाणपत्र

यादी सोपी दिसते. खरी अडचण नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि वेगळ्या ओळीत आईचं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलतं, मधलं नावही बदलतं. म्हणजे मार्कशीटवरची "जोशी मेधा अनंत" पासपोर्टवर "मेधा समीर देशपांडे" होते, आणि इथल्या क्लार्कच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या बाया. इव्हॅल्युएशनच्या अर्जात जुनं नाव लिहायला वेगळा रकाना असतो तो भरा, विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत सगळीकडे जोडा, आणि कॉलेज, इव्हॅल्युएशन, परीक्षा, लायसन्स या चारही ठिकाणी नाव एकाच क्रमानं लिहा. पासपोर्टवर आहे तस्सं.

ट्रान्सक्रिप्टसाठी भारतात कुणीतरी माणूस लागतो. भाऊ, बहीण, कॉलेजची मैत्रीण, जो खिडकीवर उभा राहून "आज साहेब नाहीत" ऐकून उद्या पुन्हा जाईल. सहा महिने आधी लागा. एकाऐवजी चार-पाच संच मागवा. लायसन्सच्या वेळी पुन्हा लागला तर परत तीच वारी नको.

तीन वर्षांची पदवी चालते का? हा प्रश्न सगळ्यांचा. काही कॉलेजं सरळ घेतात, काही चार वर्षं मागतात, काहींना इव्हॅल्युएशनमध्ये "अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची" हे शब्द दिसले की पुरतं. विद्यापीठाची नॅक श्रेणी आणि तुमचा वर्ग यावर ते शब्द अवलंबून असतात. पैसे भरायच्या आधी कॉलेजला ईमेल करून विचारा.

बीकॉम, इंजिनियर, फार्मसीवाले सगळे या कोर्सला येतात. सायकॉलॉजीची पदवीच हवी असं नाही. फार तर मानसशास्त्राची ओळख, ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे दोन-तीन विषय आधी करायला सांगतात. ते जवळच्या कम्युनिटी कॉलेजात करा, स्वस्तात होतात. वर इथल्या प्राध्यापकाचं एक शिफारसपत्रही पदरात पडतं, आणि ते भारतातल्या पंधरा वर्षांपूर्वीच्या सरांच्या पत्रापेक्षा जास्त उपयोगी असतं.

६. निबंध आणि ग्रुप इंटरव्ह्यू

निबंधात "मला लोकांना मदत करायला आवडतं" आणि "मैत्रिणी नेहमी मलाच सगळं सांगतात" ही दोन वाक्यं लिहू नका. प्रत्येक अर्जात असतात. स्वतःच्या दुःखाची कथा लिहायची असेल तर ती तुम्ही कशी पचवली ते लिहा. जखम अजून ओली असेल तर समितीला ते लगेच कळतं. इथल्या दक्षिण आशियाई घरांत थेरपीबद्दल काय बोललं जातं, कोण येतं, कोण येत नाही, हे तुम्हाला आतून माहीत आहे. त्यातलं एखादं ठोस निरीक्षण लिहा.

इंटरव्ह्यू अनेक ठिकाणी गटात होतो. सात-आठ उमेदवार गोल बसवतात, एक प्रसंग देतात. समजा, सोळा वर्षांची मुलगी म्हणते आईला काही सांगू नका. चर्चा सुरू होते आणि दोन प्राध्यापक भिंतीशी बसून वहीत लिहीत असतात. ते "बरोबर उत्तर" शोधत नाहीत. कोण दुसऱ्याचं वाक्य तोडतं, कोण गप्प बसलेल्याला बोलतं करतं, कोण विरोध झाल्यावर आक्रसतं, हे बघतात. आपल्याकडची हुशार मुलं इथे दोन टोकांना जातात: वर्गात हात वर करून पहिलं यायची सवय, नाहीतर "मोठ्यांसमोर कशाला बोला". दोन्ही बाजूला ठेवून या.

७. वर्गात: सल्ला द्यायची खाज

विषय ठरलेले असतात: नीतिनियम, मानवी वाढ, संस्कृती, करिअर, ग्रुप, चाचण्या, संशोधन, थेरपीची तंत्रं, शिवाय डायग्नोसिससाठी डीएसएम (मानसिक आजारांच्या निदानाची पुस्तिका). वाचन भरपूर, निबंध एपीए शैलीत (संदर्भ देण्याची ठरलेली पद्धत). त्याचं फार मनावर घेऊ नका, जमतं. एका सत्रात किमान दहा तास तुम्हाला स्वतः एखाद्या गटाचे सदस्य व्हावं लागतं, म्हणजे खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसावं लागतं. याची धास्ती बऱ्याच जणांना वाटते. मला तो कोर्सचा सगळ्यात चांगला भाग वाटला.

कठीण जातं ते वेगळंच. वर्गात जोड्या लावून सराव होतो, त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर बघतात. समोरची म्हणते, "आई रोज रात्री फोन करून रडते." आपल्या तोंडून लगेच, "मग तू एक वेळ ठरवून दे ना तिला, आठवड्यातून दोनदा." प्राध्यापक टेप थांबवतात. "तिनं तुला उपाय विचारला होता का? ती रडणं म्हणाली, तू वेळापत्रक म्हणालीस." अगं असं कर, अरे तसं कर, हे ऐकतच आपण मोठे झालो. आत्या, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या तज्ज्ञ. ती सवय जायला पहिलं वर्ष जातं. तोवर दर सेशननंतर फक्त एवढंच मोजा की तुम्ही किती वेळा सुचवलंत आणि किती वेळा विचारलंत.

८. प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिप

केक्रेपच्या हिशेबानं प्रॅक्टिकम (इंटर्नशिपच्या आधीचा प्रत्यक्ष सराव) १०० तास, त्यातले ४० क्लायंटसमोर. इंटर्नशिप ६०० तास, त्यातले २४० क्लायंटसमोर. पंधरा आठवड्यांची दोन सत्रं धरली तर आठवड्याला २० तास, त्यातले ८ थेट. आता गंमत बघा. जो क्लायंट येत नाही त्याचा तास धरत नाहीत. कम्युनिटी क्लिनिकमध्ये न येणारे बरेच असतात, बस चुकते, मूल आजारी पडतं, कामाची पाळी बदलते. ८ हवे असतील तर ११-१२ नोंदवा.

जागा शोधणं बहुतेक कॉलेजांत तुमचं काम. यादी देतात, फोन तुम्ही करायचा. एक सत्र आधी सुरू करा, कारण कॉलेज आणि संस्था यांच्यातला करार, बॅकग्राउंड चेक, बोटांचे ठसे, कधी टीबीची चाचणी, लायबिलिटी इन्शुरन्स या सगळ्याला वेळ लागतो. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनचं विद्यार्थी सदस्यत्व घेतलं तर त्यात हा विमा मिळतो. मुलाखतीत हे नक्की विचारा:

- आठवड्याला किती क्लायंट मिळतील, आणि ते कोण देतं?
- सुपरव्हायजर कोण, कुठलं लायसन्स, दर आठवड्याला तासभर खरंच बसतात का?
- सेशनचं रेकॉर्डिंग करू देता का? कॉलेजला ते लागतं, काही संस्था नाही म्हणतात.
- संध्याकाळचे तास आहेत का? मुलांच्या शाळेचं वेळापत्रक बघूनच हो म्हणा.

तासांची नोंद त्याच आठवड्यात करा आणि सही त्याच महिन्यात घ्या. सुपरव्हायजर नोकरी सोडून जातात, आणि मग सहीसाठी त्यांना शोधत फिरावं लागतं. प्रत्येक विषयाचा सिलॅबसही पीडीएफ करून ठेवा. उद्या दुसऱ्या राज्याचं बोर्ड विचारेल, "या विषयात नक्की काय शिकवलं?" आणि तोवर कॉलेजनं तो विषयच बदललेला असेल.

खेळातून होणाऱ्या थेरपीत रस असेल तर डेंटनच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससमध्ये प्ले थेरपीचं मोठं केंद्र आहे. लहान मुलांसोबत काम करायचं असलेल्यांनी ते बघावंच.

९. परीक्षा आणि असोसिएटची वर्षं

लायसन्ससाठीच्या परीक्षा दोन आहेत, एनसीई आणि एनसीएमएचसीई; राज्य सांगेल ती द्यायची. एनसीईत २०० प्रश्न, त्यातले १६० मोजले जातात. एनसीएमएचसीईत केस देऊन तुम्ही काय कराल ते विचारतात. टेक्सस दोन्हींपैकी कुठलीही चालवून घेतं, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाला दुसरी लागते. टेक्ससात याशिवाय राज्याच्या कायद्यांची परीक्षा असते. ती अवघड नाही.

मग एलपीसी असोसिएट. लायसन्सवर सुपरव्हायजरचं नाव जोडलं जातं, आणि महिन्याला किमान चार तास सुपरव्हिजन लागतं. नोकरी देणाऱ्या संस्थेत सुपरव्हायजर असेल तर ते फुकट, नाहीतर दर महिन्याला खिशातून. म्हणून पगाराची बोलणी करताना हा खर्च धरा. या काळात पगार बेताचा असतो. घरात दुसरा पगार आहे म्हणून आपल्याला ते सोसवतं, आणि नेमकं म्हणूनच संस्था आपल्याला कमी देऊ बघतात. आकडा माहीत करून घ्या आणि मागा.

१०. आपले लोक आणि आपला देश

लायसन्स येण्याआधीच मंडळाच्या गणपतीत कुणीतरी बाजूला घेऊन विचारेल, "जरा आमच्या चिन्मयशी बोलशील का?" चिन्मयची आई तुमच्या ढोल पथकात आणि बाबा तुमच्या नवऱ्याच्या टीममध्ये असतात. अशांना थेरपी देता येत नाही. दुहेरी नात्याचा नियम आहे, आणि तो नसता तरी दिली नसती. पण नुसतं "नाही" म्हणून सोडूही नये, कारण विचारायला त्या बाईला किती दिवस लागले असतील. तीन-चार भारतीय किंवा दक्षिण आशियाई थेरपिस्टांची नावं कायम फोनमध्ये ठेवा, ज्यांच्याशी तुमची ओळख आहे पण त्यांची नाही. मराठी बोलणारी एखादी मिळाली तर सोनंच. "हिला फोन करा, मी सांगितलं म्हणून नका सांगू, तुमचं तुम्ही ठरवा," एवढं पुरे.

पुण्यातल्या मावसबहिणीला व्हिडिओ कॉलवर थेरपी? तीही नाही, ती नात्यातली आहे म्हणून. आणि परकी असती तरी तपासावं लागलं असतं, कारण लायसन्स क्लायंट बसलेल्या जागेचं बघतात, तुमच्या जागेचं नाही. टेक्ससचा क्लायंट दिवाळीला महिनाभर साताऱ्याला गेला तर त्या महिन्याचं काय करायचं, हे तो विमानात बसायच्या आधी सुपरव्हायजरला विचारायचं.

भारतात परतायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतात आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, आणि काउन्सेलिंगच्या या मास्टर्सवर ती मिळत नाही. काउन्सेलर म्हणून शाळा, कॉलेजं, कंपन्या, खासगी क्लिनिकं यांत काम मिळतं. डिग्रीची समकक्षता (भारतीय डिग्रीच्या बरोबरीची असल्याचं प्रमाणपत्र) लागली तर ती भारतात अर्ज करून घ्यावी लागते. त्यासाठी इथून निघण्यापूर्वी सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे दोन जादा संच, सगळे सिलॅबस आणि इंटर्नशिपच्या तासांचं सही-शिक्क्याचं पत्र बॅगेत टाका. समुद्रापलीकडून ते मागवणं म्हणजे पुन्हा खिडकीवर माणूस उभा करणं, फक्त या वेळी खिडकी टेक्ससात.